न सांगितलेलें दुखणें

तीस वर्षें मी महाविद्यालयांत इंग्रजी काव्य शिकवीत आलों. पण घरांतील एका साध्या दुखण्याचें नांव मला ठाऊक नव्हतें. आमचें घर रोह्यास, पत्नीचें माहेर पेणचें. अंगावरून राखट पांढरें पाणी जातें, त्यास वास येतो, हें तिनें दोन वर्षें माझ्या कानीं घातलें नाहीं. देवघरांत जाण्याचाहि तिला संकोच वाटे. दिवसांतून तीनदां साबणानें आंतून धुणें, एवढाच तिचा उपाय!

अखेर भावजयीनें तिला पेणला एका डॉक्टरीणबाईंकडे बळेंच नेलें. तपासून बाई म्हणाल्या, "आधीं हें धुणें बंद करा." त्या जागीं विरजणांतील जंतूंचे भाऊबंद नांदत असतात; त्यांच्या आंबटपणामुळें इतरांस थारा मिळत नाहीं. ते उणे झाले कीं परके माजतात. हा दुर्वर्तनाचा डाग नव्हे; केवळ तोल ढळल्याची खूण. मेट्रोनिडेझोलच्या सात दिवसांच्या गोळ्यांनीं तिला गुण आला. दुखणें उलटल्यास पुन्हा यावें, गरोदर स्त्रीनें तर मुळींच हयगय करूं नये, असें बाईंनीं बजावलें.

राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गडचिरोलीकडील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची पाहणी १९८९ सालीं प्रसिद्ध केली. शेंकडा ९२ जणींस कांहीं ना कांहीं स्त्रीरोग होता. पूर्वीं तपासणी झालेल्या अवघ्या शेंकडा ८. तो आंकडा मीं वाचला, तेव्हां तो मला दूरच्या अरण्यांतला वाटला होता. माझ्याच माजघरांत मीं कधीं विचारलें नव्हतें.