जात्यावाचून ओवी

घर कोणामुळे चालते, हे घर चालत असताना कधी कळत नाही. चहा वेळेवर येतो, हळदीचा डबा हाताला लागतो, विजेचे बिल भरलेले असते. आणि हे सारे आपोआप होते असे आपण धरून चालतो. मग एखादे दिवशी घरची बाई माहेरी जाते. डबे जागच्या जागी असतात. पण मोहरी कोणत्या डब्यात, हे कोणालाच सांगता येत नाही. वस्तू साऱ्या आहेत, आणि तरी घर बंद पडलेले आहे!

संगणकात हे घरधनिणीचे काम जी करते तिला कार्यप्रणाली म्हणतात. कोणती फाईल कोठे आहे, अक्षर पडद्यावर कसे उमटवायचे, छपाईयंत्राला काय सांगायचे, हे सारे तिला ठाऊक. माझ्या जुन्या लॅपटॉपमधल्या या बाईचे नाव विंडोज एक्सपी. ती २००१ साली बाजारात आली, आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिच्या कंपनीने तिची देखभाल थांबवली. माझ्याकडे मात्र ती त्यानंतरही बिनतक्रार नांदत होती. गेल्या पावसाळ्यात लॅपटॉपच्या पोटातून टक् टक् असा आवाज येऊ लागला. सुरू व्हायला अर्धा अर्धा तास लागे, आणि मध्येच पडदा निळाशार पडे.

तुम्ही म्हणाल, एवढे जुने यंत्र ते. द्यावे भंगारात नि घ्यावे नवे! घरच्या मंडळींचेही हेच मत पडले. फायलींच्या प्रती तर मी केव्हाच दुसरीकडे काढून ठेवल्या होत्या. पण नव्या संगणकावर त्या उघडल्या की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा केरकचरा दिसे. युनिकोड रुळण्याआधीच्या बहुतेक मराठी फाँटांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसे. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर त्याचे चित्र बसवलेले असे. तो फाँट असेल तर मराठी, नसेल तर नुसते गिचमिड. अशा पुष्कळ फाँटांचे रूपांतर करणारे प्रोग्राम आता मिळतात. माझ्या फाईलींतली जोडाक्षरे मात्र त्यांच्या पचनी पडेनात. मूळ सॉफ्टवेअर त्या एकाच यंत्राचा परवाना घेऊन बसलेले, आणि ते विकणारे दुकान कधीच उठून गेलेले.

आणि त्या फायलींत होत्या माझ्या आत्याच्या ओव्या.

आत्या आंबेगावची. म्हणजे ज्याचे नाव आज तालुक्याला आहे, त्या मूळ आंबेगावची. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि गाव पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला. आंबेगावचे आता नाव तेवढे राहिले. गाव उठले तेव्हा आत्याने संसाराबरोबर आपले जातेही उचलून आणले होते. २००९ च्या उन्हाळ्यात मी जुन्नरहून वही घेऊन तिच्याकडे गेलो आणि म्हणालो, “आत्या, ओव्या सांग ना!” ती हसून म्हणाली, “आरं, अशा कशा सांगू? पाढं हायेत का ते?” दोन-तीन ओव्या झाल्या, नि ती अडली. मग उठून जात्यापाशी बसली, खुंट्याला हात घातला, मूठभर दाणे टाकले. आणि दगड फिरू लागताच एकामागून एक अशा ओव्या आल्या की माझा हात दुखू लागला. जाते थांबले की ओवीही मध्येच थांबे. एखादी ओळ आठवली नाही तर ती अडून बसत नसे. “ऱ्हाऊ दे तिथं, येईल मागनं,” असे म्हणून पुढे जाई. मी तेथे टिंबे देई. पुढे कधी ती ओळ खरेच येई, कधी येत नसे. आज आत्या नाही.

लॅपटॉपच्या दुखण्यावर औषधे सुचवणारे पुष्कळ भेटले. शेजारचे काका म्हणाले, “डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. हमखास गुण!” माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे जुन्नरच्या बाजारात संगणक-दुरुस्तीचे दुकान आहे. हा उपाय ऐकून त्याने कपाळाला हात लावला. “सर, आत दव धरलं तर आहे तेही जाईल.” त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की लॅपटॉप बंद केला. आजारी डिस्कवरून प्रणाली पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला भाषणाला उभे करण्यासारखे आहे, असे त्याचे म्हणणे. दुरुस्ती मूळ डिस्कवर करायचीच नाही. आधी तिची हुबेहूब नक्कल उतरवायची आणि मग जे काही करायचे ते नकलेवर.

त्याने मला डिस्कचे पोट समजावून सांगितले. आतली चकती मिनिटाला ५४०० फेरे घेते. वाचणारी सुई तिला टेकत नाही; हवेच्या थरावर तरंगते, आणि मधले अंतर माणसाच्या केसाच्या जाडीचा हजारावा हिस्साही नसते. माझ्या १६० जीबीच्या डिस्कवर सुमारे ३१ कोटी खण, प्रत्येकात ५१२ खुणा मावतात. काही खण खराब झाले होते. त्यांच्यावर डोके आपटत बसली तर सुईच निकामी व्हायची.

डिस्क बाहेर काढून त्याने ती दुसऱ्या संगणकाला जोडली. तो संगणक लिनक्सवर सुरू केला, आणि डीडीरेस्क्यू नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम चालू केला. हा प्रोग्राम आधी चांगले भाग भराभर उतरवून घेतो. अडखळला की ती जागा सोडून पुढे जातो. सगळे सोपे वाचून झाले, म्हणजे सोडलेल्या जागांकडे परत वळतो आणि त्या कणाकणाने खरवडून पाहतो. काय वाचले, काय राहिले, याची नोंद तो एका नकाशात ठेवतो. त्या दिवसांत आमच्याकडे वीज दोनदा गेली; पण नकाशा असल्यामुळे काम सोडले तेथूनच पुन्हा सुरू झाले. मी पडद्यावरचे आकडे पाहत होतो, आणि माझ्या कानांत एकच वाक्य घुमत होते : ऱ्हाऊ दे तिथं, येईल मागनं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नक्कल पुरी झाली. ४१ खण अखेरपर्यंत वाचता आले नाहीत. नवी डिस्क लॅपटॉपमध्ये बसवली, तर प्रणाली सुरू होईना! ज्या नोंदवहीत तिची सारी व्यवस्था लिहिलेली असते, तिचेच एक पान त्या ४१ खणांत सापडले होते. माझा चेहरा पाहून विद्यार्थी म्हणाला, “थांबा सर. ही स्वतःच्या नोंदींच्या जुन्या प्रती एका कोपऱ्यात जपून ठेवते.” महिन्यापूर्वीची प्रत त्याने तेथून काढली आणि बिघडलेल्या पानाच्या जागी ठेवली. ओळखीची हिरवी टेकडी आणि निळे आभाळ पडद्यावर आले. मी फाईल उघडली. शुद्ध, ठसठशीत मराठी!

आम्हा जुन्नरकरांना या गोष्टीचे फार नवल वाटू नये. नाणेघाटाच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्राकृत लेख दोन हजार वर्षांपासून आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. अक्षरे दगडात होती, पण ब्राह्मी वाचण्याची हातोटी लोपली, आणि घाट चढून येणाऱ्याला त्या शतकानुशतके नुसत्या रेघोट्या दिसल्या. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचे कोडे उलगडले. पुढे भगवानलाल इंद्रजींनी आणि ब्यूलरने हा लेख वाचला. त्याच गुहेत राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या; माथ्यावरची नावे उरली. आंबेगावसारखेच म्हणायचे!

अक्षरे जपली म्हणजे सारे जपले, असे आपण मानतो. पण अक्षराला वाचणारा लागतो, फाईलला प्रणाली लागते, ओवीला जाते लागते. त्या लॅपटॉपमधल्या प्रणालीची नक्कल आता माझ्या नव्या संगणकाच्या पोटात एका खिडकीत चालते. तिच्याकडून ओव्या कागदावर उतरवून घेतल्या, आणि माझ्या विद्यार्थिनींनी त्या युनिकोडमध्ये पुन्हा टंकून काढल्या. आत्याच्या नातींसाठी त्यांची एक लहानशी पुस्तिका या दिवाळीला छापली आहे.

मुद्रिते तपासताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, या टिंबांच्या जागी काही सुचेल ते घालू या का? चाल तर कळते आहे.” मी नको म्हटले. चाल कळते हे खरे. पण ती ओळ आत्याची आहे, आणि ती मागून येणार आहे असे तिने सांगितले होते.