नांदेड ते लातूर, व्हाया सायकेडेलिक

नांदेड आणि सायकेडेलिक रॉक? हसलात ना! आमच्या ग्रुपमध्येही सगळे असेच हसले. नांदेड म्हणजे गुरुद्वारा, लातूर म्हणजे 'पॅटर्न' आणि पाणीटंचाई, संपला विषय. दिवाळीला ट्रॅव्हल्सच्या तिकिटासाठी मारामारी करणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या पब्लिकला विचारा, गावाकडे जाताना कानात काय असतं? अजय-अतुल, नाहीतर बॉसचा कॉल. मी मात्र या वेळी एक हटके प्रयोग केला. नांदेड ते लातूर हा दीडशेच्या आतबाहेर किलोमीटरचा पट्टा दोन दिवस फिरले आणि सोबत एकच अल्बम घेतला, 'ऑब्सेशन ७७'.

आधी अल्बमची कुंडली. ॲटोमिक फॉरेस्ट हा सत्तरच्या दशकातला मुंबईचा बँड, कीथ कांगा यांनी उभा केलेला. गायक मधुकर चंद्र दास. १९७४ मध्ये ॲलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हा रॉक ऑपेरा मुंबईत केला, त्यातले जीझस हेच. आणि त्यांच्यासमोर ज्यूडास कोण? आपले नंदू भेंडे! आत्माराम भेंड्यांचे चिरंजीव, पुढे १९७८ च्या 'तीन पैशाचा तमाशा'मुळे मराठी घराघरांत पोहोचलेले. म्हणजे मुंबईच्या रॉकची दुनिया आपल्यापासून वाटते तितकी लांब नव्हती. निदान दादर-शिवाजी पार्कापासून तरी नव्हती. नांदेडपासून किती लांब होती, तेच तर बघायचं होतं.

'ऑब्सेशन ७७' हा या बँडचा पहिला अल्बम. आणि शेवटचाही. रेकॉर्ड आली, फार कुणी दखल घेतली नाही, बँड विखुरला. पुढे परदेशातले कलेक्टर या एलपीसाठी वेडे झाले, तिला मोठ्या किमती येऊ लागल्या आणि २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन रेकॉर्ड्सने ही गाणी पुन्हा बाजारात आणली. आपल्याच घरच्या माळ्यावरची वस्तू शेजाऱ्याने पुसून, पॉलिश करून परत द्यावी, तसं!

नांदेडला उतरले ती संध्याकाळ. पहिला स्टॉप अर्थातच सचखंड श्री हजूर साहिब. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींचं निर्वाण इथे झालं, आणि २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीची त्रिशताब्दी साजरी झाली तेव्हा शहराने कात टाकली. रुंद रस्ते, विमानतळ, नवा घाट, सगळं त्याच धामधुमीतलं. डोक्यावर ओढणी घेतली, इयरफोन पर्समध्ये टाकला आणि संगमरवरावर बसून कीर्तन ऐकत राहिले. रागी बाजावर सूर धरून असतात, तबला खालून संथ चालत असतो. वीस मिनिटं झाली की चाळीस, कळेना.

आता गंमत बघा. सायकेडेलिक रॉकचा फंडा तरी काय होता? ऐकणाऱ्याचं घड्याळ काढून घ्यायचं! १९६६ मध्ये बीटल्सनी 'रिव्हॉल्व्हर'चं शेवटचं गाणं जवळजवळ एकाच सुरावर उभं केलं, त्यामागे चक्क तंबोरा गुणगुणतो. पुढच्याच वर्षी डोअर्स, जिमी हेंड्रिक्स आणि पिंक फ्लॉइड या तिघांचेही पहिले अल्बम आले आणि तरुण जग उलटंपालटं झालं. लांबत जाणारे सूर, घुमणारा ऑर्गन, न संपणारी गिटार. यातलं बरंच काही इकडून तिकडे गेलेलं होतं. तिकडून ते जहाजाने मुंबईला परत आलं ते इंग्रजी होऊन. हजूर साहिबला मात्र ते कुठे गेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरची एसटी. खिडकीची जागा, दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि कानात 'ऑब्सेशन'. टायटल ट्रॅक खरंच जाम भारी आहे. फझ लावलेली गिटार, फंकचा ठेका, त्यावर नाचणारा ऑर्गन. पण अल्बममध्ये पुढे गेलं की मन थोडं खट्टू होतं. हेंड्रिक्सचं गाणं, डीप पर्पलचं गाणं... वाजवलंय झकास, पण दुसऱ्याचं. त्या काळी मुंबईच्या बँड्सचं पोट हॉटेल आणि डिस्कोथेकवर चालायचं आणि तिथल्या गिऱ्हाइकाला ओळखीची गाणी हवी असायची. कुलाब्याच्या स्लिप डिस्कमध्ये १९७२ ला लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट अचानक येऊन वाजवून गेले, तेव्हा ज्यांचं अनुकरण करायचं ते साक्षात समोर! अशा हवेत स्वतःचं गाणं लिहायला वेगळीच हिंमत लागते. म्हणून टायटल ट्रॅक मला जास्त किमती वाटतो.

लोहा मागे पडलं की याच रस्त्यावर माळेगाव लागतं. खंडोबाचं माळेगाव. मार्गशीर्षात इथे जी यात्रा भरते तिला जगात तोड नसेल. घोडे, उंट, गाढवांचा बाजार, तमाशाचे फड, लावण्या, रात्रभर कर्णे. मी गेले तेव्हा माळ रिकामा होता, दोन शेळ्या आणि एक चहाची टपरी. तरी बसमधून बघताना वाटलं, अरे, ओपन एअर फेस्टिव्हल म्हणतात तो हाच की! फक्त याला पोस्टर नाही, रिस्टबँड नाही.

अहमदपूर ते चाकूर या टप्प्यात अल्बम दुसऱ्यांदा लावला आणि एक गोष्ट खटकायला लागली. अमेरिकेत हे संगीत व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात पेटलेल्या पोरांचं होतं. त्यात राग होता. मुंबईच्या रेकॉर्डवर आवाज आला, राग नाही आला. आणि त्याच सुमारास या रस्त्यावरची गावं अक्षरशः पेटली होती. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि नांदेड जिल्ह्यासह मराठवाड्यात दलितांची घरं जाळली गेली. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. त्याच वर्षी नांदेडला स्वतःचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठही मिळालं. या सगळ्या काळात वामनदादा कर्डक आणि भीमशाहीर गावोगाव गात होते. पेटी, ढोलकी, बस्स. प्रोटेस्ट म्युझिक शोधायचं तर ते इथे होतं, आणि कुलाब्यातल्या कुणाच्या ते कानावरही गेलं नसेल. बँडला दोष देत नाही. वीस-पंचविशीतली पोरं ती, त्यांचं जग चर्चगेटला सुरू होऊन वांद्र्याला संपत असेल. पण दोन्हीकडचे लोक एकदा भेटायला हवे होते राव!

लातूरला गंजगोलाईत उतरले. १९१७ ची ही गोल बाजारपेठ, मधोमध जगदंबेचं देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. कापड, सोनं, चपला, मसाले, सगळं गोल गोल. वरून फोटो बघा, एलपीच वाटते! माझा मावसभाऊ इथे हॉस्टेलला राहून 'नीट'ची तयारी करतोय. त्याच्यासोबत निलंगा राईस हाणला आणि त्याच्या कानात टायटल ट्रॅक लावला.

"ताई, हे नवीन आहे का?"

"तुझ्या पप्पांच्या जन्माच्या आसपासचं आहे."

"खोटं नको बोलू," म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. क्लासला उशीर झाला ते वेगळंच.

संध्याकाळी वीसेक किलोमीटरवरच्या औशाला गेलो. इथल्या नाथ संस्थानचं चक्रीभजन प्रसिद्ध आहे. औसेकर महाराजांची ही परंपरा पंढरपूरच्या वाळवंटातही रंगते. टाळ-मृदंगावर भजन म्हणत गोल फिरायचं. आधी संथ. मग लय चढते, पावलं चढतात आणि बघणाऱ्यालाही आपण कडेला उभे आहोत याचा विसर पडतो. माझ्या शेजारी एक आजोबा, धोतर-टोपीतले, जागच्या जागी डुलत होते. भाऊ कानाशी पुटपुटला, "ताई, हेच ना तुझं सायके... काय ते?" आजोबांनी डोळे न उघडता त्याला गप्प राहण्याची खूण केली.

जायचं असेल तर मार्गशीर्षात जा, म्हणजे माळेगावची यात्राही पदरात पडेल. नांदेड-लातूर एसटी भरपूर आहेत. गुरुद्वाऱ्यात लंगर चुकवू नका. अल्बम ऑनलाइन ऐकता येतो, पण लोहा सुटेपर्यंत थांबा, तिथून रस्ता मोकळा आहे.