एक एन्ट्री चुकली

बी. कॉम. झालेल्या माणसाला स्वतःचीच बेरीज जमत नाही. अकोल्याच्या शाखेत एकदा माझ्या कॅशमध्ये पाचशे रुपये कमी आले. खिशातून भरले, पण अमरावतीला घरी पोहोचेपर्यंत मी स्वतःला नालायक, बावळट आणि कुळबुडवा ठरवून मोकळा! तीन रात्री डोळ्याला डोळा नाही.

कृतीला नापास करा, माणसाला नको, असं अल्बर्ट एलिस 1955 पासून सांगत आला. कि. मो. फडक्यांनी ते मराठी माणसापर्यंत आणलं. मी वाचलंही होतं. पण वाचल्याने झोप थोडीच येते?

शेवटी शिपायाजवळ बोललो. चहा संपेपर्यंत त्याने नुसतं ऐकलं. मग म्हणाला, "काऊन बाप्पा, एक एन्ट्री चुकली तं पुरं लेजर फाडता काय?"

आमच्याच जिल्ह्यातल्या 30 खेड्यांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातल्याच साध्या माणसांना असं ऐकायला शिकवलं. 2017 साली त्याचा हिशेब छापून आला: नैराश्यातले शंभरात जेमतेम 4 जण मदत घेत, ते दीड वर्षात 27 झाले.

त्या रात्री मी गाढ झोपलो. सकाळी बायको म्हणाली, "अहो, किती घोरता!"

म्हटलं, "घोरणं वाईट, माणूस चांगला."