लॅपटॉप बंद, रंधा चालू!

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या कँटीनमध्ये ‘वीकएण्डला काय?’ हा प्रश्न निघाला की उत्तरं ठरलेली. मॉल, मल्टिप्लेक्स, नाहीतर महाबळेश्वर. महाबळेश्वरवाले वाईहून पसरणी घाट चढतात आणि गाड्यांच्या रांगेत अडकतात. आमची गँग मात्र तीन वर्षं झाली, साताऱ्याहून दुसरा रस्ता धरते आणि महाबळेश्वरच्या बरीच अलीकडे उतरते. मेढ्याला. तिथे करता काय, असं कुणी विचारलं तर मी खरं ते सांगतो. मडक्यात जेवण भाजतो आणि लाकूड तासतो. समोरचा हसतो. हसू दे बापडा.

मेढा हे जावळी तालुक्याचं मुख्य ठिकाण, वेण्णा नदीच्या काठचं. साताऱ्याच्या बाजूला कण्हेर धरणाचं पाणी, महाबळेश्वरच्या बाजूला केळघरचा घाट. जावळी म्हटलं की शाळेतला इतिहास आठवतो : चंद्रराव मोरे आणि 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेली जावळी. आजच्या जावळीची दुसरी ओळख मात्र मुंबईत आहे. इथल्या गावागावांतली माणसं मुंबईत आणि नंतर वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून राबली. त्यांच्यासाठी खास कायदा झाला तो 1969 मध्ये. माझ्या मित्राचे आजोबा त्यांच्यातलेच. पाठीवर पोती वाहून त्यांनी मेढ्याजवळच्या वाडीत सागवानी घर बांधलं. नातू पुण्यात आयटीत. घराला वर्षातले दहा महिने कुलूप. घरामागचं परडं मात्र एकदम झकास : एक आंबा, एक जुनी विहीर आणि समोर डोंगर. आमचा सगळा खेळ इथेच चालतो.

चूल गेली जपानहून अमेरिकेला

सुरुवात झाली ती खाण्यापासून. आमच्यातला एक जण अमेरिकेत दीड वर्ष राहून आला आणि येताना एक वेड घेऊन आला : सिरॅमिकचं अंड्याच्या आकाराचं ग्रिल. तिकडे लोक रविवारी घरामागे ते पेटवतात आणि दिवसभर त्याच्याभोवती बसतात. याचा फंडा मूळचा जपानी. ‘कामादो’ म्हणजे जपानी भाषेत चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकन सैनिकांना या जाड मातीच्या चुलींची चव कळली आणि त्यांनी त्या घरी नेल्या. 1974 मध्ये अटलांटात एड फिशरने ‘बिग ग्रीन एग’ नावाची कंपनी काढली आणि या चुलीची फॅशनच आली. आपल्याकडे त्याची किंमत विचारली की आधी घराचा ईएमआय डोळ्यांसमोर येतो.

पण त्यामागचं तत्त्व अगदी साधं आहे. जाड मातीची भिंत उष्णता धरून ठेवते आणि सगळ्या बाजूंनी सारखी परत देते. झाकण बंद असल्यामुळे वाफ बाहेर जात नाही, म्हणून मांस कोरडं पडत नाही. खाली एक झरोका, वर एक झरोका. हवा जास्त सोडली की आग भडकते, कमी केली की निवते. बस्स! हे ऐकून मित्राची आई म्हणाली, ‘‘अरे, मग पोपटी काय वेगळी असते?’’ त्यांचं माहेर अलिबागचं.

काकूंचं शंभर टक्के बरोबर होतं. रायगड जिल्ह्यात थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेलं चिकन, ओवा आणि जाडं मीठ. तोंड पुन्हा पाल्यानं गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. सगळं शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर शिजतं. झालं की नाही हे बघायला थर्मामीटर लागत नाही. मडक्यावर पाणी शिंपडायचं, चुर्र होऊन लगेच उडालं की समजायचं, झालं.

मेढ्यात आम्ही दोन्हींची सांगड घातली. एक मोठा रुंद तोंडाचा माठ, बाहेरून विटा आणि मातीचा थर, खाली हवेला भोक, वर झाकण. आत बाभळीचा कोळसा. कोंबडी, रताळी, मक्याची कणसं, सगळं त्यात भाजलं जातं. आमच्यातल्या दोघा शाकाहाऱ्यांसाठी छोट्या मडक्यात कोरेगावचा वाघ्या घेवडा मंद निखाऱ्यावर चार तास ठेवतो. हा तोच घेवडा, ज्याला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं. चार तासांनी त्याची जी काही चव येते, ती प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांना जन्मात जमणार नाही.

माठ आणायला कुंभाराकडे गेलो तेव्हा आणखी एक गंमत कळली. तो मातीत घोड्याची लीद आणि राख मिसळतो. भट्टीत लीद जळून जाते आणि मातीत बारीक बारीक पोकळ्या राहतात. म्हणून माठातलं पाणी पाझरून गार होतं आणि म्हणूनच मडकं आगीचा दणका थोडाफार सोसतं. पण थंड मडकं एकदम जाळावर ठेवाल तर तडकणारच. आधी मंद आच, मग कोळसा. अर्धा तास काहीही न करता बसायचं. दर दहा मिनिटांनी मेल चेक करणाऱ्या माणसाला हा अर्धा तास केवढा मोठा वाटतो, ते करून बघा.

‘तुमची हौस, आमचं पोट’

लाकडाची गोष्ट जरा वेगळी. दुसऱ्या वर्षी मित्राच्या काकांनी ठरवलं की जुन्या घराचा मागचा भाग पाडून स्लॅब टाकायचा. आजोबांनी हौसेनं बसवलेल्या तुळया, खांब, दारं सगळं निघणार. वखारवाला येऊन बघून गेला आणि चांगला माल बाजूला काढून उरलेल्याला जळणाचा भाव सांगून गेला. काकांचंही चूक नव्हतं. पावसाळ्यात गळणारं घर दरवर्षी शाकारायला माणूस मिळत नाही आणि नातवंडं तर दोन दिवसांसाठी येणार. पण आजोबांच्या घामाचं लाकूड चुलीत जाणार म्हटल्यावर मित्र काही बोलेना. त्या रात्री माठाभोवती बसून बराच वाद झाला. शेवटी तोडगा निघाला : तुळया विकायच्या, मोडके तुकडे आमचे.

तुकडे ठेवून घेतले, पण पुढे काय? गावातल्या सुतारतात्यांना बोलावलं. सत्तरीचे तात्या आधी नुसतेच हसले. मग म्हणाले, ‘‘तुमची हौस हाय, आमचं पोट हाय. शिकवीन, पण दिसाची हजेरी लागंल.’’ मला हे फार आवडलं. आपण जिमला पैसे देतो, गिटारच्या क्लासला देतो, मग सुतारकाम शिकवणारा माणूस फुकटात का शिकवेल? गावगाड्यात सुतार आणि कुंभार दोघेही बलुतेदार. वर्षभर काम करायचं आणि सुगीला धान्य घ्यायचं. ट्रॅक्टर आला, लाकडी नांगर गेला. प्लायवूड आलं, घडीव दारं गेली. तात्यांचा मुलगा पुण्यात मॉड्युलर किचनच्या कारखान्यात पॅनल जोडतो. त्याला रंधा धरता येतो, पण तिथे त्याचं काही काम नाही.

तात्यांचा पहिला धडा : रंधा हातात घेण्याआधी लाकडावर बोटं फिरवायची. जुन्या सागात लपलेला एक खिळा रंध्याच्या पात्याची वाट लावतो. दुसरा धडा : लाकडाच्या रेषा जिकडे जातात तिकडेच रंधा न्यायचा. उलटा नेला की लाकूड उचकटतं. तिसरा धडा सोपा वाटतो आणि सगळ्यात कठीण असतो : दर वेळी गुण्या लावून काटकोन बघायचा. ‘‘डोळा खोटं बोलतो, गुण्या न्हाय,’’ इति तात्या.

पहिली वस्तू होती पाट. एक फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. खिळा मारायचा नाही. पट्टीसाठी फळीत खाच पाडायची आणि पट्टी तिच्यात घट्ट सरकवायची. दोन दिवसांत चार जणांनी मिळून एक पाट केला. तात्यांना दीड तास लागला असता. पण काय सांगू! रंध्यातून पहिली सलग ढलपी निघते, पन्नास वर्षांच्या काळपट लाकडाखालून सोनेरी साग दिसतो आणि वास येतो, तेव्हा कळतं की आठवडाभर आपण काहीही ‘केलेलं’ नव्हतं, फक्त फॉरवर्ड केलं होतं.

यंदाच्या जानेवारीत बाकडं पूर्ण झालं. आंब्याखाली ठेवलंय. त्याच लाकडाला जळण म्हणणाऱ्या काकांनी नव्या देवघरासाठी दोन पाट मागितलेत. मापं स्वतः लिहून दिलीत, गुण्या लावून! मित्रानं तो कागद पाकिटात ठेवलाय.

तुम्हाला करायचं असेल तर

कसं जाल : पुण्याहून सातारा साधारण 110 किलोमीटर. साताऱ्याहून मेढ्याला एसटी आहे, तासाभरात पोचता.

कधी : डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात इथे आग पेटवायचा विचारही करू नका. उन्हाळ्यात वणव्याची भीती. एक ठिणगी डोंगर जाळते. निखारे पाणी ओतून पूर्ण विझवा, मगच झोपा.

लाकूड : झाडाची फांदीही तोडू नका. 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार साग, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ अशी झाडं मालकालाही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जुन्या घरांचं लाकूड वखारीत मिळतं. ते सुकून बसलेलं असतं, म्हणून सहसा वाकत नाही.

कोळसा : रंग किंवा पॉलिश लावलेलं लाकूड आणि प्लायवूड जाळून त्यावर जेवण भाजू नका, धूर विषारी असतो. बिनरंगाच्या सागाच्या ढलप्या आग पेटवायला मस्त.

हत्यारं : एक रंधा, एक करवत, दोन पटाश्या, गुण्या आणि हातोडी. सुरुवातीला एवढंच पुरे. ड्रिल मशीन नंतर बघू.

आणि सर्वात महत्त्वाचं : शिकवणाऱ्याला दिवसाची पूर्ण हजेरी द्या. घासाघीस नको. शहरात कॉफीच्या दोन मगांचं बिल आपण न बघता भरतो, हे तेव्हा आठवा!