आधी पेलोड वाचा

फॉर्म सबमिट केला आणि सर्व्हरवरच्या ऑब्जेक्टमध्ये नेमकं हवं तेच फील्ड नल आलं, की बहुतेकांचा हात आधी कंट्रोलरकडे जातो. ब्रेकपॉइंट लावायचा, क्लास उलटापालटा करायचा आणि शेवटी फ्रेमवर्कच गंडलंय म्हणून मोकळं व्हायचं. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. ब्राउझर ऑब्जेक्ट पाठवत नाही. नाव आणि व्हॅल्यू अशा जोड्या पाठवतो, त्याही, फाइल सोडली तर, निव्वळ मजकुराच्या. पेलोड म्हणजे याच जोड्या. इनपुटला आयडी आहे पण नेम नाही, तर ते जातच नाही. डिसेबल्ड फील्ड जात नाही, रीडओन्ली जातं. टिक न केलेला चेकबॉक्स 'नाही' म्हणत नाही, गप्प बसतो. जे निघालंच नाही, ते कंट्रोलरमध्ये सापडणार कुठून?

एएसपी डॉट नेट कोअरमधला बिलाचा फॉर्म घ्या. चार ओळी, त्यांच्या नावांत ० ते ३ क्रमांक. वापरणाऱ्याने दुसरी ओळ काढली. उरले ०, २, ३. या जोड्यांतून ऑब्जेक्ट भरणारा बाइंडर शून्यापासून निघतो, १ सापडत नाही, तिथेच थांबतो. यादीत एकच ओळ येते आणि एरर काहीच नाही. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधल्या पेलोडमध्ये मात्र तिन्ही ओळी असतात आणि मधला खंडही दिसतो. मग क्रमांक नव्याने लावायचे, किंवा प्रत्येक ओळीसोबत इंडेक्सचं हिडन फील्ड द्यायचं. पेलोड बरोबर असेल, तर मॉडेलस्टेट पाहावं; मजकुराचं रूपांतर फसलं, तर एरर तिथे नोंदलेली असते. पण ०५/०३ म्हणजे ५ मार्च की ३ मे, हे सर्व्हरच्या कल्चरवर ठरतं आणि त्याची एरर येत नाही.

यावर कोणी म्हणेल, बाइंडरने अशा वेळी एरर द्यायला नको का? पण न आलेला चेकबॉक्स ही चूक नसते, आणि सुरक्षेच्या टोकनसारखी मॉडेलबाहेरची नावं रोजच येतात. कुठली गैरहजेरी चूक आहे, हे फक्त आपल्याला ठाऊक असतं. ते व्हॅलिडेशनमध्ये लिहायचं कामही आपलंच. उलट येईल ते स्वीकारणारा बाइंडर जास्त घातक. मार्च २०१२ मध्ये येगोर होमाकोव्ह या डेव्हलपरने रेल्स या वेब फ्रेमवर्कमधल्या मास असाइनमेंटचा, म्हणजे फॉर्ममधून येईल ते फील्ड थेट मॉडेलमध्ये भरण्याचा, फायदा घेऊन गिटहबवर रेल्सच्याच प्रकल्पात आपली सार्वजनिक की घुसवली आणि कमिट करून दाखवलं. २०१३ च्या रेल्स ४ मध्ये स्ट्राँग पॅरामीटर्स (परवानगी दिलेलीच फील्ड स्वीकारण्याची सोय) आले ते याच धोक्यापायी. तेव्हा फॉर्मपुरता वेगळा, लहान क्लास ठेवा. आणि काही बिनसलं तर आधी पेलोड, मग मॉडेलस्टेट, आणि ऑब्जेक्ट सगळ्यात शेवटी.