सातमजली जागरण

निद्रानाश हा शब्द मोठा भारदस्त. अनुभव मात्र अगदी घरगुती. वय वाढले की झोप पातळ होते, मध्येच तुटते आणि पहाटे फार लवकर निरोप घेते. त्यातून दुपारची वामकुक्षी रात्रीच्या वाट्यातून वजा होतेच. हे सारे डॉक्टरांनी समजावून दिले, आम्हांला पटलेही. पण पटल्याने डोळा लागतो असे नाही.

काशीची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, अशी वाटणी जुन्या रसिकांनी करून ठेवली आहे. दिवस कितीही तापला तरी पठारावरचा वारा रात्री गार होतो. राजवाड्याजवळच्या सराफ्यात सोन्याचांदीची दुकाने मिटली की त्यांच्याच ओटल्यांपुढे कढया चढतात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. अशा गावात राहून अंथरुणात एकट्याने तळमळत पडावे, हे आम्हां पाच मित्रांना अप्रशस्त वाटले. आम्ही सराफ्याच्या तोंडाशी जमू लागलो.

प्रकृतीच्या तक्रारी दोन रात्रींत संपल्या. मग गोष्टी सुरू झाल्या, आणि गोष्टींना नियम लागले. राजवाडा सात मजल्यांचा. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. आमची गोष्टही तशीच असावी असे ठरले. पहिल्या तीन गोष्टी खऱ्या, पुढच्या चार मनाच्या. दुसरा नियम वेताळाकडून घेतला. उज्जैनचा विक्रम बोलला की वेताळ पुन्हा झाडावर. आमच्यात जो मध्येच ‘खोटं!’ म्हणेल, त्याने सर्वांच्या गराडूचे पैसे द्यावयाचे.

एकाचे पणजोबा खरोखरच होळकरांच्या पागेत होते. घोड्यांना हरभरा मोजून देत. चौथ्या मजल्यावर त्यांतला एक घोडा मोडी वाचू लागला. पाचव्यावर त्याने हरभऱ्याच्या हिशेबातली तूट दाखविली. सहाव्यावर त्याला दरबारात बोलावणे आले, आणि सातव्यावर पणजोबा त्याच्या हाताखाली कारकून झाले. आमच्यातले निवृत्त हिशेबनीस पाचव्या मजल्यापर्यंत कसेबसे टिकले होते. ‘खोटं! तूट रोजकीर्दीत दिसतच नाही, खतावणी लागते!’ असे ते ओरडले आणि मुकाट्याने खिशात हात घातला.

पुढे आमच्यातल्या एकाची पत्नी गेली. महिन्याभराने तो पुन्हा आला आणि आपण होऊन गोष्ट सांगू लागला. दगडी मजले त्याने भराभर चढले: लग्न, एकेचाळीस वर्षांचा संसार, मुले पुण्याला. चौथ्या मजल्यावर ती रात्री अडीचला उठली. पाचव्यावर तिने गॅसचे बटण पाहिले, दाराची कडी चाचपली. सहाव्यावर त्याच्या पायांवर पांघरूण ओढले. सातव्यावर म्हणाली, ‘जाऊन या सराफ्यात. पण गराडूवर जीरावन जास्त घेऊ नका.’

कोणी ‘खोटं’ म्हटले नाही. हिशेबनीस कढईकडे पाहत राहिले.

लाकूड जळते, हे राजवाड्याच्या सावलीत वाढलेल्यांना सांगावे लागत नाही. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांच्या फौजेने तो जाळला. १९८४ च्या दंगलीत पुन्हा आग लागली, ती आमच्या पिढीने पाहिली. तरी दर वेळी लोकांनी तो पुन्हा उभा केला. नुसता दगड शिल्लक ठेवून भागले असते. पण मग तो राजवाडा राहिला नसता. माणसाच्या आयुष्यातही घडलेले तेवढे खरे मानून चालता येईल, मात्र एकट्या रात्री तेवढ्यावर निभत नाही. वरचे मजले लागतात, आणि ते कोणीतरी निमूटपणे ऐकून घ्यावे लागतात.

झोपेचे म्हणाल तर ती अजूनही येत नाही. त्या मित्राला मात्र हल्ली पहाटे तासभर डोळा लागतो, असे तो सांगतो. हा मजला दगडी की लाकडी, हे आम्ही विचारलेले नाही.