मागाहून लिहिलेला हिशेब

हिरोशिमावर 6 ऑगस्ट 1945 रोजी आणि नागासाकीवर 9 ऑगस्टला अणुबॉम्ब पडला; 15 ऑगस्टला जपानच्या सम्राटांनी नभोवाणीवरून शरणागती जाहीर केली. या घटनांचे समर्थन आपल्यापैकी अनेकांनी शाळेतच ऐकलेले असते. बॉम्ब टाकला म्हणून युद्ध थांबले, आणि जितकी माणसे मेली त्यांच्या कितीतरी पट वाचली. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला हा युक्तिवाद चटकन पटतो, कारण त्याची भाषा जमा-नावेची आहे.

अलीकडे पेढीवर वर्तमानपत्रातील युद्धाच्या बातम्या वाचता वाचता माझा पुतण्या हेच म्हणाला. "काका, तुम्ही आयुष्यभर बँकेत हिशेब तपासलेत. नावे दोन लाख, जमा दहा लाख. मग व्यवहार तोट्याचा कसा? आजही कुणीतरी एकदाच टाकून संपवून टाकावे." सूर्यास्तानंतर अन्नाला न शिवणारा हा मुलगा. त्याच्या बोलण्यात क्रौर्य नव्हते, केवळ बेरीज-वजाबाकी होती. म्हणूनच ते उडवून लावणे मला योग्य वाटले नाही.

समर्थकांची बाजू दुबळी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. 1945 च्या एप्रिलपासून जूनपर्यंत ओकिनावा बेटावर जी लढाई झाली, तीत सुमारे साडेबारा हजार अमेरिकी सैनिक, त्यांच्या अनेक पट जपानी सैनिक आणि सुमारे 1 लाख नागरिक मृत्युमुखी पडले. एका बेटासाठी ही किंमत, तर 1 नोव्हेंबरला क्युशू बेटावर ठरलेल्या आक्रमणात काय झाले असते? शिवाय चीनपासून ब्रह्मदेशापर्यंत जपानी अमलाखाली माणसे रोज मरत होती. सिंगापूर पडल्यावर कैद झालेल्या हिंदी सैनिकांपैकी हजारो जण न्यू गिनीसारख्या दूरच्या बेटांवर उपासमारीत खितपत पडले होते. त्यांच्यासाठी विलंबाचा प्रत्येक दिवस मृत्यूचा होता. आणि 9 ऑगस्टला, रशिया युद्धात उतरल्यावर व दोन्ही बॉम्ब पडल्यावरही, जपानच्या सर्वोच्च युद्धमंडळात तीन विरुद्ध तीन अशीच विभागणी होती. अखेर सम्राटांनाच निर्णय द्यावा लागला. जपान सहज शरण आला असता, असे म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचे उत्तर दिले पाहिजे.

तरीही माझे मन या हिशेबावर सही करायला धजत नाही. कर्जप्रस्ताव तपासताना मी दोन गोष्टी आधी पाहत असे. आकडा कुठून आला आणि टिपणीवर तारीख कोणती. एका शाखेच्या तपासणीत रक्कम आधी उचललेली आणि मंजुरीची टिपणी मागाहून लिहिलेली आढळली होती. टिपणी सुबक होती. तारणाचे मूल्य भरघोस, उलाढाल वाढती, कुठे खाडाखोड नाही. कोणते उत्तर यायला हवे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असले, की आकडे असेच आज्ञाधारक होतात.

दहा लाखांचा आकडा सर्वतोमुखी झाला तो फेब्रुवारी 1947 मध्ये. युद्धकाळातील अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी 'हार्पर्स' मासिकातील लेखात, आक्रमण झाले असते तर एकट्या अमेरिकी सैन्याचे दहा लाखांहून अधिक हताहत झाले असते, असे आपल्याला सांगण्यात आल्याचे लिहिले. हताहत म्हणजे मृत आणि जखमी मिळून. लोकांच्या तोंडी तो आकडा केवळ मृतांचा झाला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी 1955 च्या आत्मवृत्तात पाच लाख अमेरिकी प्राणांचा उल्लेख केला. मात्र जून 1945 मध्ये, म्हणजे निर्णयापूर्वी, लष्करी नियोजन समितीने वेगवेगळ्या पर्यायांसाठी काढलेला मृत्यूंचा अंदाज सुमारे 25 हजार ते 46 हजार एवढा होता. तोही कमी पडला असता, कारण पुढे क्युशूवर जपानी फौज वाढत गेली. परंतु घटना घडून गेल्यावर जमेची बाजू फुगत गेली, हे नाकारता येत नाही. (अणुबॉम्ब नसता तरी वर्षअखेरीपूर्वी जपान शरण आलाच असता, असा अमेरिकी पाहणी मंडळाचा 1946 चा निष्कर्ष विरोधक पुढे करतात. तोही मागाहूनचाच, म्हणून मी त्याचा आधार घेत नाही.)

आता तारखा. बॉम्ब टाकण्याचा लेखी आदेश 25 जुलैचा आहे. शरण या, अन्यथा संपूर्ण विनाश, असा इशारा देणारा पॉट्सडॅमचा जाहीरनामा 26 जुलैचा. नोटीस बजावण्याच्या आदल्या दिवशी जप्तीचा हुकूम निघावा, तसे हे झाले. जाहीरनाम्यात नव्या अस्त्राचा उल्लेख नव्हता. सम्राटपद टिकू शकेल असे सुचवणारे वाक्य स्टिमसन यांच्या मसुद्यात होते, ते अंतिम मजकुरातून गाळले गेले. आणि युद्धानंतर सम्राटपद राहिलेच. जी सवलत शेवटी दिली, ती आधी देऊ करून पाहिली नाही. बॉम्ब की आक्रमण, एवढे दोनच रकाने आखणारा हिशेब हा तिसरा रकाना कोरा ठेवतो.

संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी हे हिंसेचे चार प्रकार आपल्या घरांतून लहानपणीच कानांवर पडतात. आक्रमकाला रोखताना घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांनीही जाणले होते, आणि समर्थक बॉम्बला त्याच प्रकारात बसवू पाहतात. परंतु लक्ष्य कसे निवडले ते पाहावे. 31 मे 1945 च्या बैठकीत ठरलेले इष्ट लक्ष्य होते कामगारांच्या घरांनी वेढलेला युद्धोपयोगी कारखाना. घरे तिथे अपघाताने आली नव्हती, ती वर्णनातच होती. हिरोशिमात नेम धरला तो शहराच्या मध्यावरील आयोई पुलावर. आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामावर त्या सकाळी हजारो शाळकरी मुले होती. वर्षअखेरपर्यंत त्या शहरातील मृतांची संख्या सुमारे 1 लाख 40 हजारांवर गेली. याला विरोधी हिंसा म्हणणे मला शक्य होत नाही.

हिरोशिमाविषयी निदान वाद घालता येतो. नागासाकीविषयी मला समर्थन सापडलेलेच नाही. दुसऱ्या बॉम्बसाठी वेगळा निर्णय कोणी घेतलाच नाही. पुढील बॉम्ब तयार होतील तसे टाकावेत, हे 25 जुलैच्या त्याच आदेशात होते. 11 ऑगस्टचा बेत हवामान बिघडणार म्हणून 9 वर आणला. रशियाने युद्ध पुकारले होते, जपानी युद्धमंडळाची बैठक त्याच सकाळी चालू होती. तिच्या निकालाची वाट पाहण्याचा विचारही त्या वेळापत्रकात नव्हता. दुसऱ्या दिवशी ट्रूमन यांनी आपल्या स्पष्ट परवानगीवाचून तिसरा बॉम्ब टाकू नये असा हुकूम दिला.

नागासाकी अंतिम यादीतही मागाहून आले. क्योटो हे जपानी संस्कृतीचे माहेरघर म्हणून स्टिमसन यांनी आग्रहाने वगळले, आणि रिकाम्या जागी नागासाकीचे नाव लिहिले गेले. 9 ऑगस्टलाही विमान प्रथम गेले होते कोकुरावर. तिथे धूर आणि ढग होते, खालचे काही दिसेना. तीन घिरट्या घालून ते नागासाकीकडे वळले.